घरातलं नाक

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझ्या नाकाला भारी मान. दूध नासलंय का, तेल खवट झालंय का, म्हशीसाठी खड्ड्यात मुरवलेला हिरवा चारा, म्हणजे मुरघास, बिघडलाय का, सगळं आधी माझ्या नाकापुढे यायचं. मीही मिरवून घ्यायचे. मग कोरोनाचा ताप आला आणि त्यात माझा वासच गेला. तो परत आला नाही. मी कोणाला सांगितलं नाही, लाज वाटली. दूध तापवून बघायचं, तेल चाखायचं आणि वर नाक मुरडायचं, असं निभावून नेत होते.

पाणी स्वच्छ राहावं म्हणून आमच्या विहिरीत मासे सोडलेले होते. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी ते सगळे वर आलेले दिसले, तोंडं उघडमीट करत. शेवगावच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. माशाच्या नाकपुड्या फक्त वासापुरत्या, श्वास कल्ल्यांनी, हे दरवर्षी फळ्यावर काढते. पाण्यातला प्राणवायू संपला की मासा असा वर येतो, हेही सांगते. दुपारी त्यांची पांढरी पोटं तरंगत होती. त्याच पाण्याची बादली म्हशीपुढे ठेवली, तर तिने नाकपुड्या फेंदारून जोरात फुसकारलं आणि ती मागे सरली. शेजारच्या खड्ड्यातल्या मुरघासाचं पाणी विहिरीत झिरपत होतं, ते आम्हाला नंतर कळलं.

मेलेले मासे काढायला धाकटा दीर कमरेला दोर बांधून, त्याचं दुसरं टोक काठावरच्या झाडाला अडकवून निघाला. उतरण्याआधी विहिरीत पेटता कंदील सोडून बघायची आमच्याकडे रीत आहे; विझला तर खालची हवा वाईट. पण कंदील कोण शोधत बसणार? माझं नाक होतं ना!

“वहिनी, वास येतुय का बगा बरं. सर्दीनं माझं नाक पार चोंदलंय.”

मी काठावर वाकले. गार हवा नाकात गेली, बाकी काही नाही. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं.

“नाही येत,” मी म्हणाले.

पाच-सहा पायऱ्या उतरला आणि त्याचा हात सुटला. दोर ताठ झाला. खाली तो मान टाकून लोंबकळत होता. मी किंचाळले. शेजारच्या रानात कांदे काढणाऱ्या बायका हातातलं टाकून धावत आल्या. दोराला हात घालण्याआधी त्यांनी तोंडाला पदर बांधले.

“काय गं बाई, केवढा वास हा!” एक म्हणाली.

नेवाशाच्या दवाखान्यात तो शुद्धीवर आला. मी तोंडात पदर कोंबून रडले. तो मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, “वहिनीला कळलं न्हाई म्हंजी तवा वास नव्हताच. मागनं आला आसंल.”

मी त्याच्या उशाशी बसून मोसंबी सोलत राहिले.

आता उद्या विहिरीतला गाळ काढायला चार माणसं येणार आहेत. आज ठरवायला आले तेव्हा त्यांच्यातल्या एकाने कंदील आणायचं काढलं, तर दीर हसला.

“कंदील कशाला? आमच्या वहिनी हायती की.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.