एकपाखी घराची वाट

आजऱ्याच्या एस.टी.त बसलो तेव्हा माझ्या हाती छत्री होती, बगलेत गुंडाळलेला नकाशा होता आणि ओठांवर क्षमा मागण्याची चार वाक्ये होती, जी मी कोल्हापूर सोडल्यापासून पुटपुटत होतो. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती दिवाळीची सुट्टी. सहकारी सहकुटुंब जोतिबाला निघाले होते. मी कुठे निघालो हे घरीही धड सांगितले नव्हते.

अठ्ठावीस वर्षे मी भूगोल शिकवला. सह्याद्रीतल्या वृक्षांची नावे मुलांकडून घोकून घेतली, पण अरण्यात पाऊल टाकण्याची गरज मला कधी वाटली नाही. एकोणीस वर्षांपूर्वी, वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मारुती नावाच्या मुलाने सातवीच्या पेपरात लिहिले होते, ‘आमच्या घराच्या पुढच्या पाख्याचे (छपराच्या उताराचे) पाणी कोकणात जाते आणि मागच्या पाख्याचे घाटावर.’ प्रश्न पाच गुणांचा होता. मी शून्य दिले. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. मी ते उत्तर वर्गात वाचून दाखवले, एका घराचे पाणी एकीकडेच जाते असे ठणकावले आणि वर्ग पोटभर हसेपर्यंत वाट पाहिली. सुट्टीत घरी गेलेला तो मुलगा परत आला नाही.

त्या वर्षी शाळेतली नकाशांची खोली झाडताना आजऱ्याच्या भागाचा मोठा नकाशा हाती लागला. पाणी दोन समुद्रांकडे वाटून देणारी डोंगरधारेची रेघ बरोबर मारुतीच्या वाडीवरून गेली होती.

एस.टी. जिथे संपते तिथून वाडी तीन कोस, सारी वाट रानातून. चहाच्या टपरीवर एक कल्हईवाले भेटले. पाठीला भाता, खांद्यावर कोळशाचे पोते, वय माझ्याएवढेच. नाव दस्तगीर. वाडीवाडीची भांडी कल्हई करत ते त्याच वाटेने निघाले होते. नकाशाची गुंडाळी पाहून त्यांनी विचारले, “पावणं, मोजणीला आलाय व्हय?” मी शिक्षक असल्याचे सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण विश्वास ठेवलेला दिसला नाही.

रान सुरू होताच मी पायताण काढून हातात घेतले. प्रायश्चित्ताला जाणाऱ्याने अनवाणी जावे अशी माझी कल्पना होती. दहाव्या पावलाला करवंदीचा काटा टाचेत गेला आणि मी पायताण पुन्हा घातले. ते नवे कोरे होते, प्रत्येक पावलाला करकरत होते. गवा (रानातला अवाढव्य बैल) दिसेल का, असे मी भीतभीतच विचारले. दस्तगीरभाई म्हणाले की ह्या आवाजानं तो मघाच कोकणात उतरला असेल.

आत सावली इतकी दाट होती की भर दुपारी पहाटेसारखे वाटत होते. पालापाचोळ्यात पाऊल घोट्यापर्यंत बुडे. एका प्रचंड झाडापाशी मी थांबलो. बुंध्यावर हात ठेवून, जुन्या ओळखीच्या सुरात म्हणालो, “हा ऐन.”

“आंबा हाय, मास्तर,” दस्तगीरभाई हळूच म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी मला मास्तर म्हटले. त्यानंतर मी झाडांची नावे घेतली नाहीत.

पुढे धनगराच्या झोपडीपाशी एका बाईंनी ताक दिले. नकाशा पाहून त्यांनी मोठ्या अजिजीने विनवले की रेघ जरा पल्याड घ्यावी, म्हणजे गोठा वाचेल. मला रेघ हलवण्याचा अधिकार नाही, असे मी सांगितले. ते सांगताना माझीच मला लाज वाटली. तीच रेघ मी एकदा वर्गात बसून हलवली होती.

मारुतीचे घर दिसले, पण दार दिसेना. वाटेकडे उंचच्या उंच कोरी भिंत होती आणि तिच्या माथ्यावरून सगळे कौलारू छप्पर एकाच बाजूला, मागे, खाली उतरत गेले होते. घराने कुणाकडे तरी पाठ फिरवल्यासारखे ते दिसत होते. आम्ही प्रदक्षिणा घातली. शेवटी दस्तगीरभाईंनी मला गोठ्यातून आत नेले.

मारुती म्हशीच्या पलीकडे वैरण टाकत होता. आता दाट मिशा आल्या होत्या, तरी मी त्याला ओळखले. त्यानेही मला ओळखले आणि म्हशीच्या पोटाखालून वाकूनच माझ्या पायांना हात लावला. मी पहिले वाक्य सुरू केले. त्याने आधी जेवण म्हणून सांगितले. नाचणीची भाकरी, माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ आमटी) आणि घनसाळ तांदळाचा भात झाल्याशिवाय मला तोंड उघडू दिले नाही. घनसाळाच्या वासाने माझी दोन वाक्ये विस्मरणात गेली.

अखेर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

“मारुती, तुझं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती. आणि वर्गाला तुझ्यावर हसवलं, ते चुकीहून वाईट.”

कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या वृद्ध वडिलांनी, आबांनी, कानाला हात लावून विचारले, “काय म्हणत्यात मास्तर?”

“आपलं बराबर हुतं म्हणत्यात.”

आबांनी वर छपराकडे पाहिले. मग म्हणाले, “म्हंजे आता परत घर फिरवायचं व्हय?”

मला काही उमगेना. मारुतीने शांतपणे सांगितले. त्या सुट्टीत त्याने घरी सगळे सांगितल्यावर आबा दोन दिवस विचार करत होते. मास्तर खोटे बोलणार नाहीत, पोरगे खोटे बोलणार नाही, तेव्हा चूक घराचीच, असे त्यांनी ठरवले. पुढचे पाखे उतरवले, पुढची भिंत चढवली, सगळे पाणी घाटाकडे केले. पश्चिमेचा पाऊस त्या उंच भिंतीला झोडपू लागला, म्हणून दार बुजवले. कामाला माणूस हवे होते, म्हणून मारुती राहिला.

“एका पावसाळ्यापुरता राहिलतो,” तो म्हणाला. “मग ऱ्हायलं ते ऱ्हायलंच.”

मी त्याला म्हणालो, मला चार शब्द सुनाव. त्याने कळशी उचलली आणि मला घराशेजारच्या उंचवट्यावर नेले. तिथे त्याने पाणी ओतले. पाणी क्षणभर घुटमळले, एका दगडाला टेकले आणि दोन धारा झाल्या. एक कोकणाकडे, दुसरी घाटाकडे. चौपन्नाव्या वर्षी, धोतर चिखलात टेकवून, मी गुडघ्यांवर बसून ते पाहिले.

खिशात तांबडी पेन्सिल होतीच. नकाशाच्या कडेला मारुतीचे नाव लिहून मी पुढे पाचपैकी पाच असे मांडले. त्याने वाकून पाहिले.

“चार द्या, मास्तर. व्हळाचं नाव इचारलं हुतं. मी लिवलं न्हवतं.”

ओढ्याच्या नावाचा तो प्रश्न मीच काढला होता आणि मला तो आठवत नव्हता. मी पाच खोडून चार केले आणि नकाशा तिथेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दस्तगीरभाई मला एस.टी.पर्यंत पोहोचवायला आले.  वाटेत त्या आंब्यापाशी थांबून म्हणाले, “मास्तर, आणि काय काय शिकवलंय वो तुमी?” कोल्हापूर येईपर्यंत मी त्या प्रश्नाचे उत्तर शोधत होतो. अजूनही पेपर तपासताना तांबडी पेन्सिल टेकवण्याआधी हात थबकतो.

उन्हाळ्यात दस्तगीरभाई कोल्हापुरात आले तेव्हा आवर्जून भेटून गेले. आबांनी घर पुन्हा दुपाखी केले होते, पुढचे दार उघडले होते. मात्र गोठ्यातली वाट बुजवू दिली नव्हती. कारण विचारल्यावर म्हणाले म्हणे, “ऱ्हाऊ दे. मास्तर परत यायचं एकांद्या दिवशी.”