हसनच्या वाट्याची पानं

कात्रजच्या घाटमाथ्यावर आमची चौकी बसली तेव्हा मी पलटणीत हवालदार होतो. हाताखाली चौदा शिपाई, इशाऱ्याला एक तंबूर-ढोल आणि पावसापुरतं एक खोपट. हुकूम साधा होता: वाट धरून बसायचं. पेंढारी येत असल्याची आवई पुण्यात रोज उठत होती आणि रोज विरत होती. पहाटे हजेरी, मग कवाईत, मग पहारा, दिवस डोक्यावर आला की भाकरी. असे वीस-एकवीस दिवस गेले. बसून राहणं माझ्या स्वभावात नाही. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. चौकीपासून वळणापर्यंत मी इतक्या फेऱ्या घातल्या की तिथलं गवत मेलं.

तुम्हां शहरातल्या लोकांना शिपाई म्हटला की भांग, कुस्ती आणि शिव्या एवढंच आठवतं. म्हणून सांगतो, त्या चौकीवर आम्हां तिघांना एका जुन्या पोथीचं वेड होतं. मी राणोजी. दुसरा त्रिंबक नाईक, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, बोलायला फटकळ. तिसरा हसन शिपाई. त्याचा बाप कसब्यात कागद करायचा. हसनला बालबोध अक्षर येत नव्हतं. पोथीसाठी ते तो पंचविसाव्या वर्षी शिकला.

पोथी एका शास्त्रीबुवांची. मागायला गेलो तर म्हणाले, "पोथी ओसरीच्या बाहेर जाणार नाही. आपण गेलात तरी चालेल."

मग आम्ही ओसरीवर बसून ती उतरवून घेतली. कागद हसनच्या घरचा, कडा फाटलेला म्हणून विकायला न निघालेला. पहिला भाग मी उतरवला, मधला त्रिंबकने, शेवटचा हसनने. सबंध पोथी एकाने वाहणं जड, म्हणून ज्याची पानं त्याने आपल्या पिशवीत ठेवायची. नियम दोनच होते. ज्याची पानं त्यानंच वाचायची, आणि तिघं असल्याशिवाय वाचायची नाहीत. पोथी उघडली की हुद्दा बाजूला. एरवी मला हवालदार म्हणणारा हसन तेव्हा मला नावाने हाक मारायचा.

गोष्ट अशी. एका राजाचा किल्ला वेढ्यात सापडलेला असतो. राजा बाहेर, धीर सुटलेला. तो जासुदाहाती किल्लेदाराला पत्र पाठवतो: दरवाजे उघडा, शरण जा. जासूद शत्रूच्या तळातून लपतछपत जातो तेव्हा त्याला दिसतं की शत्रूची रसद संपली आहे, माणसं झाडपाला उकडून खाताहेत. तो पत्र कमरेलाच ठेवतो आणि किल्लेदाराला तोंडी सांगतो: राजाचा हुकूम आहे, आठ दिवस किल्ला धरा. आठव्या दिवशी वेढा उठतो. मग राजाला खरं कळतं आणि तो जासुदाला दरबारात उभा करतो. इथे त्रिंबकचा भाग संपत होता.

पुढचं फक्त हसनला ठाऊक होतं. त्याचं अक्षर सावकाश, म्हणून त्याचा भाग पुरा व्हायला वेळ लागला आणि तो पुरा झाला त्याच दिवशी आम्हाला घाटावर निघायचा हुकूम आला. चौकीवर तिघांचे पहारे जुळेनात. एक मोकळा तर दुसरा टेकडीवर. वाचन राहिलं, वाद मात्र पहारा बदलताना उभ्याउभ्या रोज व्हायचा.

"मान उडवली पाहिजे," मी म्हणायचो.

"किल्ला वाचवला त्याने," त्रिंबक म्हणायचा. "मान उडवून तुम्हाला काय, नैवेद्याला नारळ मिळणार?"

"आज याने हुकूम बदलला आणि किल्ला वाचला. उद्या दुसरा बदलेल आणि किल्ला जाईल. जासुदाला डोकं चालवायला कोणी सांगितलंय? हुकूम म्हणजे हुकूम."

"राणोजी, डोळ्यांना दिसलेलं पुसायचं कसं ते सांगा," हसन म्हणायचा.

"तू शेवट सांग."

"तिघं बसू तेव्हा वाचीन." आणि हसायचा. त्या हसण्याचा मला राग यायचा. मला वाटायचं, जासुदाला बक्षीस मिळालं असणार आणि हा मला मूर्ख ठरवायची वाट बघतोय.

बाविसाव्या दिवशी सकाळी घाटाखालच्या गावांतली माणसं गाड्या जुंपून वर येऊ लागली. पेंढारी आले होते, या वेळी खरोखर. बायका, म्हातारी, कोंबड्यांची खुराडी, जात्याच्या तळ्या, जे हाती लागलं ते गाड्यांत होतं. जमादारांचा स्वार पुण्याकडून आला. हुकूम: सगळ्या गाड्या माथा ओलांडून तलावाकडे उतरेपर्यंत चौकी सोडायची नाही.

वरच्या टेकडीवर त्रिंबक सहा जण घेऊन टेहळणीला होता. त्याला दुपार होताच खाली यायचं ठाऊक होतं. पण गाड्या अजून निम्म्याही आल्या नव्हत्या. मी हसनला बोलावलं.

"टेकडीवर जा. त्रिंबकला सांग, तंबूर वाजेपर्यंत हलायचं नाही."

"तंबूर वाजेपर्यंत हलायचं नाही," त्याने म्हणून दाखवलं. आमच्यात निरोप असा परत म्हणून दाखवायची रीत होती.

"जा."

तो गेला. मी परत फेऱ्या घालू लागलो. एका गाडीचा कणा मोडला, वाट अडली. ती गाडी आम्ही दरीत ढकलली आणि गाडीवाल्या म्हातारीने मला तळतळाट दिले. साधारण दोन घटका गेल्या असतील. तेवढ्यात टेकडीची पायवाट उतरून त्रिंबक आणि त्याची माणसं धावत आली. तंबूर वाजला नव्हता.

मी ओरडलो, "कोणी सांगितलं खाली यायला?"

"तुम्हीच ना?" त्रिंबकला दम लागला होता. "हसन म्हणाला, हवालदारांचा हुकूम आहे, आत्ताच्या आत्ता खाली उतरा."

"हसन कुठाय?"

"मागून येतो म्हणाला. पायवाटेच्या वळणावर थांबलाय."

मी टेकडीकडे वळलो. तोच टेकडीच्या मागच्या घळीच्या बाजूने बंदुकीचा आवाज आला. मग दुसरा. बंदूक भरायला लागतो तेवढा वेळ मध्ये गेला होता, म्हणजे एकच माणूस भरत होता आणि झाडत होता. तिसऱ्या आवाजानंतर टेकडीच्या माथ्यावर पेंढाऱ्यांचे भाले दिसले. ते मागच्या घळीने चढले होते. त्रिंबकची माणसं जिथे उभी होती नेमकी तिथे, त्यांच्या पाठीमागून. पायवाटेच्या वळणावरून घळ दिसते; हसनला ते तिथून दिसलं होतं. परत येऊन मला विचारायला त्याला वेळ नव्हता.

चौथा आवाज आला नाही.

पुढची लढाई मी लांबवत नाही. त्रिंबकची सहा माणसं खाली होती म्हणून वाट धरता आली. तीन फैरी झाडल्या. वरून उतरणाऱ्यांना आडोसा नव्हता. ते टेकडी सोडून गेले. दिवस कलताना शेवटची गाडी माथा उतरली आणि मी तंबूर वाजवायला सांगितलं.

हसन वळणाच्या दगडापाशी सापडला. भाला छातीत लागला होता. पिशवी अंगाखाली होती, त्यामुळे पानं कोरडी राहिली होती. मी आणि त्रिंबकने त्याला उचलून आणलं. मी रडलो, सगळ्यांसमोर रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

संध्याकाळी जमादार घोड्यावरून आले. टेकडी पाहिली, माणसं मोजली, आणि मला बाजूला घेतलं.

"टेकडी तंबूर वाजायच्या आधी सुटली. हुकूम कोणाचा?"

पलटणीचा कायदा मला पाठ होता. लढाईत पडलेल्या शिपायाच्या घरी सरकारातून बालपरवेशी चालते, पोरं मोठी होईपर्यंत. पण हुकूम मोडून पडला असेल तर नाव कटतं आणि घरी काही जात नाही. हसनला दोन मुली होत्या. त्रिंबक माझ्याकडे बघत होता. गेले कित्येक दिवस याच माणसासमोर मी म्हणत आलो होतो, मान उडवली पाहिजे.

"हुकूम माझा," मी म्हणालो.

"माझ्या हुकमाविरुद्ध?"

"होय."

"हसनमार्फत दिलात?"

"होय. त्याने सांगितलं तसं केलं."

जमादारांनी घोड्याचा लगाम हाती घेतला. मग म्हणाले, "उद्यापासून आपण हवालदार नाही." त्यांना खरं कळलं होतं की नाही, ते मला आजतागायत समजलेलं नाही. हसनच्या घरची बालपरवेशी मात्र चालू झाली.

हसन गेल्याच्या चाळीसाव्या दिवशी मी आणि त्रिंबक कसब्यात हसनच्या घरी गेलो. अंगणात ओले कागद वाळत लावलेले होते. त्याचे वडील, युसुफचाचा, हौदाच्या काठावर बसले होते. मी पानं त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि मला परत दिली.

"मला अक्षर येत नाही. वाचा."

"ज्याची पानं त्यानंच वाचायची, असा नियम आहे आमचा," त्रिंबक म्हणाला.

"तो काही आता यायचा नाही," चाचा म्हणाले. "वाचा तुम्ही."

मी वाचलं. अक्षर मोठं, पोरासारखं, ओळी खाली घसरलेल्या. राजा सिंहासनावरून उतरतो. जासुदाला पोटाशी धरतो. म्हणतो, तुझ्यामुळे माझी रयत जिवंत आहे. आणि मग सांगतो की हुकूम बदलणारा जासूद जिवंत ठेवला तर उद्या माझ्या कुठल्याच पत्राला अर्थ राहणार नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना जासुदाची मान उडवतात. राजा तीन दिवस जेवत नाही. पोथी तिथे संपते.

म्हणजे शेवट मी म्हणत होतो तसाच होता. वाद मी जिंकला होतो. हसनला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. स्वतःच्या हाताने, एक एक अक्षर गिरवत त्याने ते उतरवलं होतं. त्या दुपारी वळणावर उभं राहून वर जाऊन कुठला हुकूम सांगायचा हे ठरवताना जासुदाचं काय झालं ते आमच्यापैकी त्याला एकट्यालाच माहीत होतं.

"चौकीवरून एकदा घरी आला तेव्हा शेवट काय आहे ते मला सांगितलं होतं त्याने," चाचा म्हणाले. "म्हणाला, राणोजीला कळलं तर चौकीवर नाचेल. सांगायचं लांबवतोय."

त्रिंबक हसायला गेला आणि त्याला जमलं नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पेशवाई गेली, पलटण मोडली, खडकीला इंग्रजांची छावणी बसली. त्रिंबकचे डोळे अधू झाले, त्यामुळे त्याचाही भाग आता मीच वाचतो. चाचा नाहीत. हसनच्या थोरल्या मुलीने कागदाचं काम चालू ठेवलं आहे आणि वर्षातून एकदा, त्याच अंगणात, ती आमच्यासाठी चटई टाकते. पहिला भाग, मधला भाग, मग हसनचा. मी अजून नीट बसत नाही, हौदाभोवती फिरत वाचतो. जासूद दरबारात उभा राहतो तिथे पान बदलायला मला वेळ लागतो. त्रिंबक घाई करत नाही. पूर्वी याच जागी आम्ही तासन्‌तास भांडायचो. आता त्या जागी कोणी काही बोलत नाही, आणि थोड्या वेळाने मुलगी म्हणते, "वाचा काका, अब्बांचं पान आलं."