धाकट्याची घागर

अक्षय तृतीयेला आमच्याकडे अक्ती म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावाने नव्या घागरी भरायच्या, वर आंबा ठेवायचा. आमच्या घरी चार घागरी असत. पहिल्या तीन घरच्यांच्या आणि चौथी धाकट्याची. ती ठेवताना वडील मोठ्याने म्हणत, "ज्याच्या मागं कोणी नाही, त्याले." लहानपणी मला आमच्या घराचा हा मोठेपणा वाटे. परक्यासारख्या गेलेल्या माणसालाही आपण विसरत नाही, असं.

धाकटा म्हणजे माझ्या खापरपणजोबांचा सख्खा भाऊ. इंग्रज साहेब गावोगाव फिरून मालगुजारी, म्हणजे गावाची मालकी आणि सारावसुली, कोणाच्या नावावर लावायची ते ठरवत होता, तेव्हा हा भाऊ बैहरच्या जंगलात लाकडाच्या कामावर गेला होता. बरेच दिवस परतला नव्हता. खापरपणजोबांनी साहेबाला सांगितलं, भाऊ मेला, मागे कोणी नाही. गावाला खरं वाटावं म्हणून त्या अक्तीला त्याच्या नावाची घागरही ठेवली.

पावसाळा संपल्यावर धाकटा बायको आणि तान्हं पोर घेऊन परत आला.

खटला नागपूरपर्यंत गेला आणि धाकटा हरला. पुढे तो भावाचंच कूळ होऊन भावाच्याच बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरांत, धान लावत राहिला. मालगुजारी गेली तरी तळ्याखालची जमीन आमच्याकडे राहिली. आज ती माझ्या नावावर आहे. आणि घागर? ती धाकटा जिवंत असतानाही दर अक्तीला ठेवली जात होती. एकदा सुरू केलेली घागर बंद केली असती, तर खोटं उघड पडलं असतं.

हे सगळं मला वडील गेल्यावर कळलं. मन खात राहिलं. गेल्या वर्षी अक्तीच्या आधी मी हट्टा गावापलीकडच्या आमच्या मूळ गावी गेलो. धाकट्याच्या वंशातले एक काका तिथे एकटेच राहत. ओट्यावर बसले होते.

"या लंबरदार," मालगुजाराला द्यायचा जुना मान देत ते म्हणाले. "आमच्या घरचं पाणी चालते न तुमाले?"

मी पाणी प्यालो. मग वाटेत जुळवलेलं बोललो. "काका, यंदापासून धाकट्याची घागर मी नाही ठेवत. तुम्ही ठेवा. तुमचा हक्क आहे."

काका हसले, खोकला येईपर्यंत हसले. "मोठा दानशूर आला रे! वावर ठेवून घेतेस अन् मडकं वापस करतेस?"

मी पेला खाली ठेवला. ते पुढे बोलत राहिले.

"आमच्या घरी कोणीच त्याची घागर भरत नाही. त्याच्या पोरानंच आण घेतलती, वावर येत नाही तोवर बापाले पाणी द्याचं नाही. म्हणून आजवरी तो तुमच्याच हातचं पेऊन राह्यला. तू बंद केलं त तहानेनं मरन बिचारा."

"ते तर मेलेलेच आहेत, काका." मी मूर्खासारखं बोललो.

"हौ. तुमीच मारला. जिताच."

मग ते शांत झाले. "मले काही नको आता. पोरीच्या नावानं तळ्याखालची एक बांधी करून दे. एकच. तुले काय कठीण हाय? तू त त्याच हापिसात बसतेस."

त्यांची मुलगी बैहरला नर्स आहे. आणि मी बालाघाटच्या तहसील कचेरीत नामांतरणाचं काम पाहतो. एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याच्या नावावर करायची, हेच माझं रोजचं काम.

"पुढच्या अक्तीला पाहू," मी म्हणालो. आमच्याकडे शेतीचे करार अक्तीलाच होतात, म्हणून ते शोभलंही. पण खिडकीपलीकडच्या माणसाला मी रोज ज्या आवाजात "पुढच्या सोमवारी या" म्हणतो, तोच आवाज तेव्हा निघाला, हे मला माहीत आहे.

"पुढची अक्ती कोनाची, तुही का माही?" काका म्हणाले.

पौषात ते गेले.

यंदा अक्तीच्या बाजारातून मी पाच घागरी आणल्या. पाचवी काकांची. आणताना स्वतःबद्दल जरा बरं वाटत होतं, तेही लिहून टाकतो. सकाळी अंगण सारवून एकेक घागर मांडली. चौथी ठेवताना वडिलांचे शब्द म्हटले. पाचवी ठेवतानाही जिभेवर तेच आले: "ज्याच्या मागं कोणी नाही, त्याले."

माझी मुलगी दारात उभी होती. हिंदी शाळेत जाणाऱ्या आमच्या घरातल्या मुलांचं मराठी आता एवढंच उरलं आहे.

"पापा, कोणी नाही कैसे? बैहरवाली आत्या है ना?"

माझा हात घागरीच्या काठावर होता. मांडलेली घागर नैवेद्य दाखवेपर्यंत उचलत नाहीत. मी ती उचलली नाही.

"तो फिर आत्याची जमीन?" तिने विचारलं. काकांकडून आल्यावर मीच घरी सांगितलं होतं.

"आज कचेरी बंद आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती उघडली. मी वेळेवर गेलो, दिवसभर लोकांच्या जमिनी लोकांच्या नावावर केल्या आणि घरी आलो. तेव्हापासून रोज जातो आहे.