हाडाची पकड

"कालव दगडाला धरतं ना, तसं माजं हाड या धातूला धरंल, फक्त त्याला कोनी हलवू नका," खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर चांगुणाबाई म्हणाली होती.

तळवलीची ही बाई. शेतावर इमारती उभ्या राहिल्या, घराचं भाडं येऊ लागलं. तरी ओहोटी लागली की कोयती घेऊन खाडीत जायची, दगडांवरची कालवं काढायची. ज्या दगडावर बारीक कालवं नुकती बसलीत, त्याला ती पायही लागू देत नसे, हललं तर कालव धरत नाही म्हणून. तिथल्याच चिखलात ती घसरली आणि खुबा मोडला.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर सुमेधाने तिच्या हातात, मांडीच्या हाडात बसवतात तसला नमुन्याचा एक खुंटा दिला. टायटॅनियमचा, वर हाडातल्याच क्षाराचा खरबरीत थर.

"यात सिमेंट नाही, आजी. तुमचं हाडच याच्या छिद्रांत वाढेल. नाही वाढलं तर खुंटा सैल होईल, मग पुन्हा ऑपरेशन."

चांगुणाबाई थरावरून बोट फिरवत राहिली. निर्जीव वस्तूत जिवंत हाड शिरणार होतं.

वॉकर धरून रोज थोडा भार टाका, असं बजावून तिला घरी पाठवलं. वॉकर कोपऱ्यात गेला आणि चांगुणाबाई खाटेवरून हलेना.

"आई, अंगठा तरी हलवा," सून प्रिया वैतागायची. "लोक विचारतात, पुतळा कधी बसवला म्हणून."

"विचारू दे. आत धरतंय ते."

दोनेक महिन्यांनी एक्स-रे काढला. तोवर मांडी वाळली होती. सुमेधा पडद्याकडे बघत बसली. प्रिया तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"धरलंय," सुमेधा म्हणाली. "बघा, हाड आणि धातू यांच्यात काळी रेघ नाही. पण बाजूचं हाड विरळ झालंय. चालला का नाहीत?"

"बारीक कालवाला हलवत नाय."

"हाडाचं उलटं असतं, आजी. जिथे वजन येतं, तिथेच ते स्वतःला रचत जातं. अशाच बसून राहिलात, तर धरलेलंही सुटेल."

चांगुणाबाई पडद्याजवळ सरकली. करड्या काळोखात धातूच्या कडेला पांढरे धागे चिकटलेले. ती झोपली असताना, रागावली असताना, जेवत असताना कुणीतरी आत राबत होतं. तिला न विचारता. आणि त्याने मागितलं होतं काय, तर तिचंच ओझं.

"उद्यापासून चालतील त्या," प्रिया म्हणाली.

प्रियाने सोबत आणलेला वॉकर चांगुणाबाईने पुढे ओढला. उठली. भीत भीत त्या पायावर भार दिला, क्षणभर तशीच थांबली, जणू कुणाचं ऐकत होती. मग दार ढकलून बाहेर पडली.