पितळी यानातला मातीचा प्रवासी

आमच्या घरी दसऱ्याच्या संध्याकाळी एक बाहुली निजवतात. नवरात्रात कुंभकोणमला घरोघरी कोलू असतो. पायऱ्यांवर पांढरं कापड घालून देवादिकांच्या, राजाराणीच्या, वाण्याच्या बाहुल्या मांडायच्या आणि रोज संध्याकाळी बायकांना कुंकवाला बोलावून सुंडल, म्हणजे हरभऱ्याची नाहीतर मुगाची कोरडी उसळ द्यायची. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले. घरात मराठी तेवढी राहिली, बाकी कोलूसकट सगळं आम्ही इथलंच उचललं. दसऱ्याला दिवा लावला की एक बाहुली आडवी करायची, म्हणजे उत्सव संपला. बाकीच्यांकडे लाकडी राजाराणी निजतात. आमच्याकडे त्या वर्षी नवी आलेली बाहुली निजते, तो तिचा मान. आई असंच करायची, मीही तेच करत आले, आणि दोन वर्षांपूर्वी ह्याच मानापायी एका पोरीचा जीव मी टांगणीला लावला.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, लग्न केलेलं नाही, आणि मेलकावेरी भागातलं घर मला माझ्याच पद्धतीनं लागतं. चपला इथं म्हणजे इथंच. धाकटा भाऊ माझ्याजवळ राहायचा. त्यानं त्याच उन्हाळ्यात, पंचेचाळिसाव्या वर्षी लग्न केलं, एका विधवेशी, दहा वर्षांच्या मुलीसकट. भावजय नाचियार्कोविलची, समया ओतणाऱ्या घरातली. तिचे वडील गेले, कारखाना विकला गेला, माहेर म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण ती मुलगी! खिशात पितळेचे तुकडे, नखांत माती, आणि तोंडात सदा 'का?'. मला पहिल्या दिवसापासून 'अत्तै' म्हणायला लागली, म्हणजे आत्या. कोण कुणाची आत्या, असं मी मनात म्हटलं.

तिला तमिळ तेवढं येई. आमच्या घरात उंबऱ्याच्या आत मराठी बोलतात. जेवताना आम्ही बोलायला लागलो की ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघे, मग ऐकणाऱ्याच्या. मला ते बघवत नसे, आणि बघवत नाही म्हणून तिचाच राग येई. माणसाचं मन मेलं असंच नतद्रष्ट.

तिरुप्पनंदाळच्या बाजूला एका शाळेचं वसतिगृह आहे. मुलीच्या अभ्यासाला तिथं बरं पडेल, असं मी भावाच्या गळी उतरवलं. अभ्यास कसला डोंबलाचा, मला माझं घर परत हवं होतं! भाऊ मान खाली घालून बसला. भावजय इतकंच म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, अक्का." अर्ज मीच आणला, मीच भरला आणि दसरा झाला की नेऊन द्यायचा म्हणून कपाटावर ठेवला. मुलीला इतक्यात सांगायचं नाही असं ठरलं.

कोलू मांडायच्या दिवशी मी नवी बाहुली आणायला निघाले, तर पोरगी आडवी आली. "अत्तै, ह्या वर्षी मी देऊ?" तिनं मोडक्या समईचे भाग तारेनं बांधून काहीतरी केलं होतं. समईचा तळ पालथा, त्यावर तेलाची वाटी, पुढे नाकासारखं टोक. अंतराळयान आहे म्हणाली. आजोबांच्या कारखान्यातलं टाकाऊ पितळ तिनं जपून ठेवलं होतं. आणि यानात एक प्रवासी होता, साच्यासाठी वापरतात त्या कावेरीच्या मातीचा नुसता गोळा. डोळे नाहीत, तोंड नाही.

"हे काय ध्यान?" मी म्हटलं.

"तो दुसऱ्या ग्रहावरचा आहे. अजून कसा होणार ते ठरलेलं नाही."

नाही म्हणणार होते, पण भावजय दारात उभी होती. ठेव खालच्या पायरीवर, म्हटलं.

पहिल्या संध्याकाळी चार बायका आल्या आणि पोरगी कोलूपाशी उभी राहून यानाची गोष्ट सांगायला लागली. आमचा ढेरपोट्या वाणी यानाचा कप्तान झाला, वाणीण स्वयंपाकीण, वीणा घेतलेली बाहुली यंत्रं सांभाळणारी. यान एका ताऱ्याच्या इतकं जवळून गेलं की सगळे भाजून निघायला हवे होते, पण आत कुणाला साधा घामसुद्धा आला नाही.

"पितळ आहे ना ते? पाणी झालं असतं त्याचं," मी सुंडल वाढता वाढता म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही, आणि शिक्षकाच्या जिभेला तर नाहीच नाही.

"तेच तर, अत्तै! कसं वाचवलं ते कुणालाच कळत नाही. यान बोलत नाही ना."

दुसऱ्या दिवशी गोळ्याला कुबड आलं होतं. तिसऱ्या दिवशी कान. मांडलेल्या बाहुलीला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही हा नियम. मी तिला पकडलं तेव्हा बोटं ओली होती. चांगली खडसावली.

"तो वाढतोय, मी काय करू?" ती म्हणाली. मला हसू आवरेना, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

पाचव्या दिवसापर्यंत त्या मातीला पंख फुटून गळून गेले होते आणि पोटाशी तिसरा हात निघाला होता. बायका लवकर येऊ लागल्या. भाजीच्या गाडीपाशी मला विचारायच्या, "आज काय फुटलं हो तुमच्या पाहुण्याला?" मी रोज एक चूक काढायची. निर्वात पोकळीत आवाज ऐकू येत नाही. एवढ्या वेगात असं वळता येत नाही. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून यायची. मध्येच मराठी शब्द घालायची, आमच्या जेवणातून वेचलेले. "यंत्रवाली म्हणाली, बस की!" असं ती म्हणाली तेव्हा सगळ्या खदखदून हसल्या. तो 'बस की' माझा होता, ठसक्यासकट.

सातव्या दिवशी यानात भांडण लागलं. प्रवासी रोज बदलतो, उद्या कसला निघेल सांगता येत नाही, तेव्हा त्याला पुढच्या ग्रहावर उतरवा, असं यंत्रवाली म्हणू लागली. कप्तान गप्प. स्वयंपाकीण रडत होती. समोरच्या घरातल्या बाईंनी विचारलं, "पण काय गं, तो यानाच्या माणसांतला नाही. मग यान त्यालाही का सांभाळतं?"

पोरीनं थोडा विचार केला. "आत आलाय ना," ती म्हणाली. "जो आत आहे त्याला सांभाळायचं, एवढंच यानाला येतं."

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. यंत्रवाली म्हणजे कोण हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, पण पोरीला त्यातलं काही ठाऊक आहे असं माझ्या मनातही आलं नाही. मला वाटलं, आपलंच मन आपल्याला खातंय. अर्ज द्यायचा नाही असं मी तिथंच ठरवलं. ठरवलं, पण बोलले नाही. चुकले हे तोंडानं म्हणायची सवय नाही मला. दसरा होऊ दे, मग भावाला सांगू, असं म्हणत राहिले.

दसऱ्याला दिवा लावला. पोरगी आईबरोबर देवळात गेली होती. मी कोलूपुढे आले आणि पहिल्यांदाच काही न पुटपुटता, अगदी मायेनं, तो मातीचा प्रवासी यानातून उचलला. एव्हाना त्याला चेहरा आला होता, जरा वाकडा, पण हसरा. कापडाची घडी घालून मी त्याला त्या घडीवर आडवा ठेवला. ह्या वर्षीचा मान त्याचा. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. पोरीला आज आनंद होईल, असं म्हणत मी पायसम, म्हणजे खीर, ढवळायला गेले.

त्या दोघी परत आल्याचं कळलं, पण आरडाओरडा नाही, काही नाही. पायसम घेऊन बाहेर आले तर भावजय भिंतीला धरून उभी होती आणि पोरगी ओट्यावर बसली होती, शाळेचा गणवेश, पुस्तकं, सगळं बॅगेत कोंबून, बॅग मांडीवर घेऊन.

"कधी निघायचंय?" तिनं मला विचारलं. मराठीत.

"कुठं?"

"तुम्ही त्याला मारून ठेवलंत. यानातून काढलंत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या आजोबांच्या घरी कोलू मांडतच नसत. बाहुली निजवायची असते हे त्या पोरीनं कधी पाहिलेलंच नव्हतं, आणि मला ते आपण होऊन सांगायला सुचलं नव्हतं.

"अगं वेडे, मेला नाही, निजलाय! उत्सव संपला की नव्या बाहुलीला निजवतात. मान असतो तो. आमच्या आईपासून चालत आलंय."

"आणि उद्या?"

उद्या सगळ्या बाहुल्या कापडात गुंडाळून वर्षभरासाठी पेटीत जातात. ते मी तिला कसं सांगणार? तिच्या शेजारी ओट्यावर बसले. "तो पेटीत जाणार नाही," म्हटलं. "तो बाहेर राहील. तूही कुठं जाणार नाहीस. तो वसतिगृहाचा अर्ज..."

"कपाटावर आहे."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. कोलू मांडायला वरून पायऱ्या काढत होतो, तेव्हा दिसला. तुमचं अक्षर मला कळतं, आपल्या शाळेच्या सूचनाफळ्यावर रोज असतं."

म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला ठाऊक होतं. रोज सकाळी माझ्यासाठी फुलं आणत होती, सुंडलचे द्रोण लावत होती, आणि तिला ठाऊक होतं.

"मग भांडली का नाहीस माझ्याशी? रडायचं तरी!"

ती बॅगेचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "रडले असते तर लगेच पाठवलं असतं. गोष्ट चालू असेपर्यंत तरी ठेवून घ्याल, असं वाटलं. म्हणून त्याला रोज काहीतरी नवीन काढत होते. काल रात्री मला पुढचं सुचेना."

दहा वर्षांची पोर, तिनं नऊ दिवस आपला मुक्काम एकेक संध्याकाळ करत लांबवला होता, आणि मी प्रत्येक संध्याकाळी तिच्या चुका काढत होते.