खेकड्याचं पिवळं

आमच्या घरात खेकड्याचं पिवळं कोणी खायचं यावरून कधी भांडण झालं नाही. खेकड्याची पाठ उघडली की आत लोण्यासारखा पिवळा गोळा निघतो. सगळ्यात चवदार तोच, आणि तो लेकीचा. एकुलती एक लेक. ती रांगत होती तेव्हा मी बोटावर घेऊन तिला ते चाटवलंय. बायको कटकट करायची, मी ऐकायचो नाही. मी कुणाचं ऐकणारा माणूसच नाही, कुंभार पिंपळगावच्या बाजारात कुणालाही विचारा.

ओढा माझ्या कपाशीच्या बांधाला लागून वाहतो. श्रावणात आमच्याकडं कोणी खेकड्याला हात लावत नाही, घरात अंडंसुद्धा चालत नाही. आणि नेमका श्रावणातच कपाशीवर फवारणीचा जोर असतो. औषध मारून झालं की पाठीवरचा पंप त्याच ओढ्यात खळखळून धुवायचा. शेजारी धुतो, मीही धुतला, माझ्या बापाच्या काळात पोत्यातली पावडर मारायचे तेव्हा त्या पावडरीचे हातही तिथंच धुतले. पाण्यावर पांढरा तवंग यायचा, नाकात झोंबणारा वास यायचा, आणि घटकाभरानं दोन्ही जायचं. तवंग गेला म्हणजे औषध गेलं, अशी आमची पक्की समजूत. पोळा झाला की मग खेकडे. महिनाभर कुणी न छेडलेले, चांगले भरलेले. पारख एकच. हातात धरल्यावर पाय हालले पाहिजेत. मेलेला फेकायचा, हालणारा टोपल्यात टाकायचा.

गेल्या साली लेक पहिल्या बाळंतपणाला आली. सातवा महिना लागला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आबा, खेकड्याचा रस्सा खाऊ वाटून राह्यला." पोटुशी लेक मागते म्हटल्यावर मी थांबतो कशाला. चप्पल काढून ओढ्यात उतरलो. त्या दिवशी फारच सोपं गेलं. एरवी बिळात हात घातला की बोट फोडतात, हे मुकाट हातात येत होते. मला वाटलं, नशीब जोरावर आहे. बायकोनं पाय आणि नांग्या पाट्यावर ठेचून, गाळून रस्सा केला आणि पिवळं सगळं लेकीच्या ताटात. असे आठ दिवस रोज हेच चाललं.

नवव्या दिवशी ग्रामपंचायतीत फवारणीची माहिती सांगायला कृषी खात्याची एक मुलगी आली. माझ्या लेकीच्याच वयाची असेल. मी मागं बसून टिंगल करत होतो. ती म्हणाली, पंप ओढ्यात धुऊ नका. औषध पाण्यातून जातं, पण गाळात बसतं. खेकडे, शिंपले गाळातलंच खातात, आणि काही औषधं त्यांच्या अंगात साठत जातात. जुनी पोत्यातली पावडर बंद होऊन जमाना झाला तरी ती कुठं कुठं गाळात अजून असते.

मी उठून म्हणालो, "बाई, आम्ही जिता खेकडा बघून आणतो. हालून राह्यलेला."

"काका, हालतो म्हणजे अजून मेला नाही, एवढंच," ती म्हणाली. "आणि सगळ्यात जास्त साठतं ते त्याच्या पिवळ्यात."

लोक हसले. मी खाली बसलो.

घरी आलो तर लेक ओसरीवर पाय पसरून बसलेली, पोटावर हात ठेवून. "आबा, लाथा मारून राह्यला," म्हणाली. मी तोंड धुवायला मोरीत गेलो आणि तिथंच उभा राहिलो. तिला सांगायचं धाडस झालं नाही. बायकोलाही सांगितलं नाही. खेकडे संपले, एवढंच म्हणालो. त्यानंतर मी रोज सकाळी तिला विचारायचो, हाललं का पोटात? ती हो म्हणाली की माझ्या जिवात जीव यायचा, आणि लगेच त्या मुलीचं बोलणं आठवायचं. हालतो म्हणजे मेला नाही, एवढंच. मला जेवण जाईना. घनसावंगीला तपासायला नेलं की डॉक्टरांना विचारू विचारू म्हणायचो आणि बाहेरच्या बाकावर बसून परत यायचो. मी खरंच घाबरलो होतो. एवढा मी बाप मेला तेव्हाही घाबरलो नव्हतो.

दिवाळीनंतर नातू झाला. मी आधी बोटं मोजली, मग डोळ्यापुढं हात फिरवला, मग कानाजवळ टाळी वाजवली. नर्सबाई वैतागल्या. सगळं बराबर आहे म्हणाल्या. बारा दिवस मी माणसात होतो.

तेराव्या दिवशी बायको म्हणाली, "अंगावर दूध कमी येऊन राह्यलं. खेकडे आणा, रस्सा पाजते." मी नको म्हणालो. तिनं शेजारणीकडून मागवले. चुलीपुढं पातेलं दिसलं आणि माझा तोल गेला. खेकड्यांसकट उकिरड्यावर नेऊन पालथं केलं. बायको रडायला लागली. लेक खोलीत पदराखाली बाळाला पाजत होती, तिथूनच म्हणाली, "आबा, काय झालं ते बराबर सांगा."

मग उंबऱ्याशी बसून सगळं सांगितलं. पंप, गाळ, पिवळं, ती कृषीवाली मुलगी. आठ दिवस मी तुला काय खाऊ घातलं ते.

ती म्हणाली, "तुम्ही आठ दिवसांचं भ्या धरून बसले. मी तर रांगत होते तेव्हापासून खाल्लं. तुमच्याच हातानं."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. इतके दिवस मी फक्त तिच्या पोटातल्याला घाबरत होतो. तिच्याकडं माझं लक्षच गेलं नव्हतं.

तिनं बाळाला अंगावरून बाजूला केलं. ते रडायला लागलं. "माझ्या अंगात साठलेलं दुधात उतरत असेल. आता ह्याला पाजू का नको?" तिनं विचारलं. आईचंच दूध द्या, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. माझ्याजवळ सांगायला तेवढंच होतं. मी म्हणालो, "पाज." तिनं त्याला परत पदराखाली घेतलं, आणि मी उंबऱ्यावर बसून त्याच्या घोटांचा आवाज ऐकत राहिलो.