एकाच माणसाचे चार तुकडे

पुस्तक वाचून संपतं, त्यावरचं भांडण मात्र वर्षभर पुरतं! शेणवे गावात सुनंदाताईंच्या पडवीत दर रविवारी आमचं चौघांचं वाचक मंडळ भरतं, आणि पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

यंदाची कादंबरी एका बड्या बापाच्या मुलाची. प्रत एकच, तीही डिंक सुटलेली. थांबणार कोण? चार भाग केले आणि वाटून घेतले.

पहिला भाग रिटायर्ड एसटी कंडक्टर तुकारामभाऊंकडे. रविवारी आले ते तापूनच. "चोर हाय तो! सख्ख्या भावाची जमीन खाल्ली!"

शेवटचा भाग वाचलेल्या सुनंदाताई भडकल्या. "काय बोलता भाऊ? भावाला जमीन देऊन झोपडीत राहतो तो. देवमाणूस हाय!"

तिसरा भाग प्रणालीकडे. ती कल्याणला कंपनीत जाते. "दोघंपण चुकताय. तो मेंटल आहे. डोंगरावर बसून झाडाला विचारतो, मी कोण?"

माझ्या भागात तो नुसताच परदेशात लोळत होता. सगळे एकाच माणसाबद्दल बोलतायत हे कळेपर्यंत चहाच्या दोन फेऱ्या झाल्या.

*

तुकारामभाऊंना तो डोंगर काही पटेना. "गेला कसा वर?"

"गाडीने. ड्रायव्हर खाली थांबलाय," प्रणाली म्हणाली.

"म्हंजे स्वतःला शोधाया निघाला, तेपण रिटर्न तिकीट काढून!"

*

पुढे प्रणालीला तो आवडायला लागला. एकदा घरी म्हणाली, "आई, टेकडीवर जाते. स्वतःला शोधायचंय."

आई म्हणाली, "जा गो. वाटंत आपली बकरी दिसली तर तीपण आण. दुपारपासून नाय आली."

बकरी सापडली. बाकीचा शोध अजून चालू आहे.

*

"श्रीमंतांचे चोचले!" मी एकदा चिडून म्हणालो.

तुकारामभाऊ उसासा टाकून म्हणाले, "मलापण सगलं सोडायचंय रे. पण सोडाया आधी जमवाया पायजे ना!"

*

आम्ही हसत होतो, पण ताईंच्या घरात जमिनीवरून खरंच वाद पेटला होता. नवरा गेल्यापासून भातशेती त्या आणि दीर मिळून करतात. ठाण्याचे एक साहेब फार्महाऊससाठी मागे लागले होते. दिराला विकायची होती, ताईंना नाही. भाताच्या रोपांसाठी शेतात पाला पसरून जाळायचे, म्हणजे राब भाजायचे दिवस आले, तरी कुणी पालासुद्धा टाकला नव्हता.

साहेब एका रविवारी थेट पडवीत आले. "ताई, मला जमिनीचा लोभ नाही हो. इथे राहून स्वतःचा शोध घ्यायचाय."

ताईंनी त्यांच्या हातात कादंबरीचा शेवटचा भाग ठेवला. "ह्याला गावलंय. वाचून या, मंग बोलू."

साहेबांनी खरंच वाचला! पुढच्या रविवारी आले ते डोळे पुसत. "ताई, काय माणूस! हादरलो मी." शेजारी बसलेला दीर खूश झाला. आता व्यवहार होणार असं वाटून मला ताईंकडे बघवेना.

"आवडला ना?" ताईंनी विचारलं.

"खूप! फक्त पहिला भाग कुणाकडे आहे? भावाची ती जमीन त्याने आधी स्वतःच्या नावावर केली कशी, तेवढं नीट वाचायचंय."

दिराने साहेबांकडे एकदा नीट पाहिलं. मग तो उठला आणि त्याने कोपऱ्यातला कोयता घेतला.

"वयनी," तो म्हणाला, "राबाला पाला तोडून आणतो."